तळहाताच्या फोडासारखं जपलं, ते चुकलं का?

पत्र :
माझा थोरला मुलगा जुलै २०२० मध्ये जन्मला. दीड-दोन वर्षं आम्ही त्याला घराबाहेर जवळजवळ नेलंच नाही. येणाऱ्याने आधी हात धुवायचे, मास्क लावायचा, बाळाला दुरूनच बघायचं. त्या काळात त्याला साधी शिंकही आली नाही. मग २०२२ मध्ये पाळणाघर सुरू केलं आणि दर पंधरा दिवसांनी सर्दी, खोकला, ताप. ऑक्टोबरमध्ये छाती भरली, धाप लागली, चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. डॉक्टरांनी आरएसव्ही असं नाव सांगितलं. ऑक्सिजनची नळी त्याच्या नाकाला लावली तेव्हा मला वाटलं, हे मीच केलं. सासूबाई तेव्हापासून म्हणतात, 'तळहाताच्या फोडासारखं जपलं म्हणून असा नाजूक झाला.' आता धाकटी नऊ आठवड्यांची आहे. सगळ्यांचं म्हणणं, या वेळी मोकळं सोड, सगळ्यांच्या हातात जाऊ दे, तरच अंगात शक्ती येईल. मी काय करू? थोरल्याची प्रतिकारशक्ती माझ्यामुळे कमी झाली का?
– एक आई

उत्तर :
प्रिय ताई,

'हे मीच केलं' हे तुमचं वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि थोड्या वेळाने पुन्हा हातात घेतलं. तीन वर्षं तुम्ही हे ओझं वाहताय. म्हणून उत्तर आधी देते, कारणं मागाहून. तुमच्यामुळे त्याची प्रतिकारशक्ती कमी झाली नाही. आणि धाकटीला आत्ताच सगळ्यांच्या हातात देऊ नका. अजून चार महिने थांबा.

थोरल्याची छाती भरली तेव्हा तो सव्वादोन वर्षांचा होता. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट हीच आहे. आरएसव्ही, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, हा काही क्वचित भेटणारा विषाणू नाही. एरवीच्या काळात जवळपास प्रत्येक मुलाला तो दोन वर्षांचं होईपर्यंत एकदा तरी गाठतोच. बहुतेकांना नुसती सर्दी होते. मोठ्या माणसांनाही तो पुन्हा पुन्हा होतो, पण आपण 'जरा घसा धरलाय' म्हणून सोडून देतो. तो भेटणार की नाही हा प्रश्नच नसतो. कोणत्या वयात भेटतो, हा असतो.

वयाला एवढं महत्त्व का, ते मी विद्यार्थ्यांना शिकवताना एका साध्या गणिताने सांगायचे. पाठ्यपुस्तकांत तान्ह्या बाळाची श्वासनळी साधारण चार मिलिमीटर रुंद धरतात आणि मोठ्या माणसाची आठ. समजा दोघांनाही संसर्ग झाला आणि नळीच्या आतल्या अस्तराला सगळीकडून फक्त एक मिलिमीटर सूज आली. मोठ्या माणसाची वाट आठवरून सहावर येते आणि हवेला होणारा अडथळा तिपटीने वाढतो. बाळाची वाट चारवरून दोनवर येते आणि अडथळा वाढतो सोळा पटींनी. सूज तेवढीच, पण मोठा माणूस खोकत कामाला जातो आणि बाळाचं दूध पिणंसुद्धा थांबतं. आरएसव्ही तर याहूनही बारीक, पार टोकाच्या नळ्यांत उतरतो. त्यालाच ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. दोन महिन्यांच्या बाळात काही वेळा खोकलाही नसतो, श्वासच मध्ये मध्ये थांबतो.

त्या वयात तुम्ही थोरल्याला या विषाणूपासून दूर ठेवलंत. विषाणू टळला नाही, पुढे गेला, आणि तोवर त्याच्या नळ्या रुंद झाल्या होत्या. ते चार दिवस वाईट होते, हे मला कळतं. पण हाच आजार त्याला दुसऱ्या महिन्यात झाला असता तर ते दिवस कितीतरी जास्त धोक्याचे असते.

आता २०२२ मध्येच एवढं सगळं एकदम का आलं, हे सांगते. ते कळलं की 'नाजूक झाला' या म्हणण्याचं उत्तर आपोआप मिळतं.

२०२० मध्ये जगभर एक विलक्षण गोष्ट घडली. कोविड पसरत असताना फ्लू आणि आरएसव्ही जवळजवळ दिसेनासे झाले. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्या हिवाळ्यात शाळा चालू होत्या, तरीही मुलांमधला आरएसव्ही आधीच्या वर्षांच्या तुलनेत सुमारे ९८ टक्क्यांनी घटला. न्यूझीलंडमध्ये तर फ्लूचा हंगाम आलाच नाही. सीमा बंद, गर्दी नाही, आजारी माणूस घरात, हात सतत धुतलेले. या सगळ्याचा एकत्रित परिणाम होता तो. फ्लूच्या विषाणूची 'बी यामागाता' नावाची एक शाखा तर मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच सापडलेली नाही. पुढे फ्लूच्या लसीतून ती काढूनही टाकली.

पण सगळेच विषाणू गेले नाहीत. नेहमीच्या साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस टिकून राहिला आणि शाळा उघडताच पुन्हा मुलांच्या नाकात हजर झाला. आरएसव्ही, फ्लू आणि कोविडच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने, सॅनिटायझरने विरघळतं. ऱ्हायनोव्हायरसला ते आवरणच नाही, त्यामुळे सॅनिटायझरला तो तितकासा दाद देत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या मनात चित्र आहे की तुम्ही मुलाला काचेच्या पेटीत ठेवलंत आणि त्याच्या शरीराला काही शिकायलाच मिळालं नाही. तसं नव्हतं. त्याच्या आतड्यात, त्वचेवर, घरातल्या धुळीत, तुमच्या हातांवर, दुधात असंख्य जिवाणू होते. प्रत्येक लस हा त्याच्या प्रतिकारशक्तीला दिलेला धडाच होता. प्रतिकारशक्ती काही न वापरल्यामुळे झिजणारा स्नायू नव्हे. त्याने तोवर एका ठरावीक विषाणूची ओळख करून घेतली नव्हती, इतकंच.

आणि ही ओळख नसलेला तो एकटा नव्हता. खरी गोम इथे आहे. दरवर्षी जन्मलेली मुलं टप्प्याटप्प्याने आरएसव्हीला सामोरी जातात. या वेळी दोन-तीन वर्षांत जन्मलेली मुलं एकदमच उरली, जणू तीन तुकड्यांचे विद्यार्थी एकाच दिवशी परीक्षेला बसले. निर्बंध सैल होताच विषाणू परतला, तोही हंगाम सोडून. थंड प्रदेशांत हा हिवाळ्याचा आजार, उष्ण प्रदेशांत बऱ्याच ठिकाणी पावसाळ्याचा. पण पश्चिम ऑस्ट्रेलियात तो २०२० च्या अखेरीस, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर उसळला. अमेरिकेत २०२१ च्या उन्हाळ्यात आला आणि २०२२ च्या शरद ऋतूत अशी लाट आली की मुलांच्या रुग्णालयांत खाटा पुरेनात. तुमचा मुलगा दाखल झाला तोही ऑक्टोबर २०२२ मध्येच. त्या लाटांमध्ये ठिकठिकाणी एक गोष्ट दिसली. दाखल होणाऱ्यांत एक-दोन वर्षं ओलांडलेली मुलं नेहमीपेक्षा जास्त होती. घरात जपलेली, न जपलेली, दोन्ही.

पाळणाघर सुरू झाल्यावर दर पंधरा दिवसांनी आजारी पडला म्हणता. लहान मुलांना वर्षाकाठी सहा-आठ सर्द्या होणं हे अगदी नेहमीचं आहे, आणि पाळणाघराच्या पहिल्या वर्षात दहा-बारासुद्धा. महामारीच्या आधी जन्मलेल्या मुलांच्या आयाही मला हेच सांगायच्या, याच काळजीने.

२०२१ मध्ये फ्रान्समधल्या बालरोगतज्ज्ञांनी या सगळ्या प्रकाराला 'इम्युनिटी डेट', म्हणजे प्रतिकारशक्तीचं कर्ज, असं नाव दिलं. ते बोलत होते पूर्ण समाजाविषयी. न भेटलेले संसर्ग आणि राहून गेलेल्या लशी यांमुळे पुढे मोठ्या साथी येऊ शकतात, म्हणून लसीकरण भरून काढा, असं त्यांचं म्हणणं होतं. शब्द मात्र वाऱ्यावर गेला आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला, की प्रत्येक मुलाच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ते आजारी पडूनच फेडायचं. तसं काही नसतं. शंभर मुलांना आरएसव्ही वेगवेगळ्या वर्षी होणं आणि एकाच महिन्यात होणं यात रुग्णालयाच्या खाटांना फार फरक पडतो. त्यातल्या एकेका मुलाच्या मुळात असलेल्या ताकदीला नाही.

तरी त्या काळाची किंमत कुणी मोजलीच नाही, असं मी म्हणणार नाही. ती मोजली, आणि त्यातला मोठा वाटा अगदी तान्ह्या बाळांनी मोजला. बाळाला पहिल्या काही महिन्यांचं संरक्षण आईकडून मिळतं. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) वारेतून बाळाकडे जातात. आईला अधूनमधून आरएसव्हीची सर्दी होत राहते, म्हणून तिची प्रतिपिंडं ताजी राहतात. त्या दीड-दोन वर्षांत आयांनाही सर्दी झाली नाही. कॅनडात तपासलं तेव्हा २०२१ मध्ये मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया आणि बाळं दोघांमध्येही आरएसव्हीविरुद्धची प्रतिपिंडं आधीच्या वर्षापेक्षा कमी आढळली. म्हणजे लाट परतली तेव्हा नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या अंगावर आईने विणून दिलेली शाल जरा विरळ होती. दुसरी किंमत लशींची. २०२१ मध्ये जगातल्या अडीच कोटी मुलांचे त्रिगुणी लसीचे एक किंवा अधिक डोस राहून गेले, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा हिशेब आहे. त्या लसीतला एक भाग डांग्या खोकल्याचा. तोही त्या काळात दबला होता आणि २०२३-२४ मध्ये अनेक देशांत उसळून आला. डांग्या खोकला मोठ्यांना दोन-तीन महिने छळतो, पण जीव घेतो तो तान्ह्यांचा.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. न्युमोकोकस नावाचा जिवाणू न्यूमोनियाचं मोठं कारण आहे. २०२० मध्ये त्याने होणारे गंभीर आजार कितीतरी देशांत झपाट्याने कमी झाले. साहजिकच वाटलं, मुलं घरात असल्यामुळे जिवाणूही पसरला नसेल. पण इस्राएलमध्ये मुलांच्या नाकांतून नमुने घेतले, तर जिवाणू जवळपास पहिल्याइतकाच तिथे होता. नव्हते ते आरएसव्ही आणि फ्लूसारखे विषाणू. म्हणजे बऱ्याचदा दार उघडतो तो विषाणू, जिवाणू मागून आत शिरतो. माझ्या नोकरीच्या वर्षांत आम्ही न्यूमोनिया म्हटलं की जिवाणूचाच विचार करायचो. त्याच्या आधीच्या 'साध्या' सर्दीकडे इतकं लक्ष दिलं नाही, याची मला आज खंत वाटते. तान्ह्या बाळाला सर्दीपासून राखणं म्हणजे नुसतं शेंबडापासून राखणं नाही, हे त्या वर्षाने शिकवलं.

आता धाकटीकडे येऊ. २०१९ मध्ये, म्हणजे महामारीच्या आधीच्या सरळ वर्षात, आरएसव्हीमुळे जगात पाच वर्षांखालच्या सुमारे एक लाख मुलांचे मृत्यू झाले, असा अंदाज आहे. त्यातली ४५ हजारांहून जास्त सहा महिन्यांखालची होती. साठ महिन्यांपैकी पहिल्या सहा महिन्यांत जवळजवळ निम्मे मृत्यू. म्हणून मी 'चार महिने थांबा' म्हटलं. २०२० सारखं घर बंद करायला मी सांगत नाहीये. फक्त या सहा महिन्यांभोवती कुंपण घालायचं आणि मग हळूहळू ते काढून टाकायचं.

कुंपण कुठे घालायचं, याचा एक जुना आणि मला फार आवडणारा पुरावा आहे. अमेरिकेत कॅरोलिन हॉल नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. १९८१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आरएसव्ही झालेल्या बाळांजवळ त्यांनी स्वयंसेवकांचे तीन गट ठेवले. काहींनी बाळाला उचलून घेतलं, भरवलं, खेळवलं. काहींनी बाळ जवळ नसताना त्याच्या पाळण्याला, वस्तूंना हात लावला आणि तोच हात स्वतःच्या नाका-डोळ्यांना. तिसरा गट बाळापासून सहा फुटांवर नुसता बसून राहिला. उचलणाऱ्या सातांपैकी पाच जणांना संसर्ग झाला, नुसता हात लावणाऱ्या दहांपैकी चौघांना, आणि बसून राहिलेल्या चौदांपैकी एकालाही नाही. प्रयोग लहान आहे आणि हवेतून मुळीच पसरत नाही असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण घरात कशाकडे बघायचं ते कळतं. हात आणि चेहरा.

म्हणून सासूबाईंना बाळाला बघू द्या, मांडीवर घेऊ द्या. हात साबणाने धुतलेले हवेत, आणि ज्याचं नाक वाहतंय, घसा दुखतोय त्याने तीन-चार दिवस बाळ घेऊच नये. मुका घ्यायचा तर पावलांचा, चेहऱ्याचा नाही. गर्दीचे बंदिस्त कार्यक्रम चार महिने टाळा. मोकळ्या हवेत मात्र बाळाला खुशाल न्या. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती घराबाहेर गेली पाहिजे, यात तडजोड नको. तुम्हालाच सर्दी झाली तर अंगावर पाजणं थांबवू नका, मास्क लावून, हात धुऊन पाजा, कारण त्याच विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं तुमच्या दुधातून तिला मिळत असतात. बाळाला मास्क कधीच नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला तो काढताही येत नाही आणि गुदमरण्याचा धोका असतो.

सगळ्यात अवघड काम थोरल्याचं. घरात आरएसव्ही आणणारा बहुतेक वेळा शाळेत जाणारा भाऊ किंवा बहीणच असते. त्याला हे असं सांगू नका की तुझ्यामुळे बाळ आजारी पडेल. पाच वर्षांचं मूल ते मनात धरून ठेवतं. त्याला एक काम द्या. शाळेतून आल्यावर आधी हात धुवायचे, मग बहिणीच्या पायाची बोटं मोजायची, रोज. हात न धुता बोटं मोजायची नाहीत, हा नियम तो तुमच्यापेक्षा कडक पाळेल. त्याला सर्दी असेल त्या दिवशी त्याने दुरून गाणं म्हणायचं.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा. निर्सेव्हिमॅब नावाचं, तयार प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन आहे. एकदा दिलं की साधारण एका हंगामापुरतं आरएसव्हीपासून संरक्षण देतं. युरोपात ते २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. गर्भारपणात आईला द्यायची आरएसव्हीची लसही २०२३ मध्ये आली, आणि २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही उपायांची शिफारस केली. तुमचं बाळंतपण झालंय, त्यामुळे आईची लस आता उपयोगाची नाही, पण इंजेक्शनचं विचारता येईल. एवढी वर्षं का लागली, असं तुम्हाला वाटेल. १९६० च्या दशकात बाळांसाठी पहिली लस करून पाहिली होती. ती घेतलेल्या मुलांना खरा विषाणू भेटला तेव्हा ती उलट जास्त आजारी पडली, दोन दगावली. शरीराला चुकीचा धडा दिला की काय होतं, हे त्या दोन बाळांनी दाखवलं, आणि पुढची कित्येक दशकं शास्त्रज्ञ फार जपून पावलं टाकत गेले. 'आजारी पडू दे, शिकेल' असं कुणी म्हटलं की मला ती दोन बाळं आठवतात. धडा कोणता, कोणत्या वयात आणि कसा दिला, यावर सगळं ठरतं.

इतकं करूनही तिला सर्दी होऊ शकते. झाली तर घाबरू नका, श्वास मोजायला शिका. आज ती बरी असतानाच एकदा मोजून बघा. ती शांत झोपलेली असताना झबलं वर करा आणि छाती-पोट उघडं दिसेल असं बसा. घड्याळ समोर ठेवा. पोट वर आलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण तान्ही बाळं थोडं भरभर श्वास घेतात, मग जरा थांबतात, पुन्हा घेतात. दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त श्वास असले तर ते जलद समजायचे. तुमची नऊ आठवड्यांची म्हणजे तिच्यासाठी ५०. मग नजर बरगड्यांखाली न्या. श्वास आत घेताना तिथे खड्डा पडतो का? नाकपुड्या फुलतात का? श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का? यातलं काहीही दिसलं, दूध निम्म्यावर आलं, आठ-दहा तासांत लघवीच झाली नाही, किंवा ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) ताप आला तर त्याच वेळी डॉक्टरकडे. ओठ निळसर झाले किंवा श्वास मध्येच थांबला तर तडक रुग्णालय गाठा. सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

हा आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जोरात असतो. पहिल्या दिवशी बरी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि आठवड्याने खोकला राहिला म्हणून औषधं बदलत बसू नका. तो दोन-तीन आठवडे रेंगाळतो. नाकात सलाइनचे थेंब, थोडं थोडं पण वारंवार दूध, एवढंच घरी करायचं. खोकल्याची बाटली नको, मध नको, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, त्यामुळे त्याचा आग्रह धरू नका.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं निरीक्षण पूर्ण खोटं नाही. मुलं आजारातून उठत उठत घट्ट होतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, आणि आरएसव्हीच्या बाबतीतही दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो बहुतेक सौम्यच असतो. त्यांना म्हणा, 'शाळेत घालायचंच आहे, पण नवव्या आठवड्यात नाही.' आणि श्वास मोजायला त्यांनाही शिकवा. रात्री दोन वाजता घरात मोजता येणारी दोन माणसं असली तर तुम्हाला थोडी झोप मिळेल.

हे वाचून झालं की थोरल्याचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. २०२० ते २२ मध्ये एखादा डोस, विशेषतः त्रिगुणीचा बूस्टर, राहिला असेल तर तो अजूनही देता येतो. धाकटीच्या पुढच्या लसीला जाल तेव्हा त्यालाही बरोबर न्या.